मुंग्यांचा दाखला

नागपुरात मनीषनगराहून बेसा रस्त्याच्या बाजूस पहाटे धावणारी जी तरुण मंडळी दिसतात, त्यांतील पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरतीची १६०० मीटरांची दौड असते. आणि ती ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत पुरी करणाऱ्यासच वीसपैकी वीस गुण मिळतात, हा सरकारी दंडक त्यांना तोंडपाठ असतो. यांपैकी काहीजण अलीकडे धावण्यापूर्वी पाण्यात बीटा-अ‍ॅलनीनची पावडर कालवून पितात, घटकाभरात चेहऱ्यावर व बोटांत मुंग्या आल्या की 'भिडली बे!' असे समाधानाने म्हणतात, आणि त्या मुंग्यांनाच सामर्थ्याचा दाखला समजतात. तो दाखला खोटा आहे.

पावडरीमागचे शास्त्र मात्र खोटे नव्हे. जोरकस धावण्यात शर्करेचे विघटन त्वरेने होऊन हायड्रोजन आयन साचतात, स्नायूंचा सामू विश्रांतीच्या ७.१ वरून ६.५ च्या आसपास उतरतो, आणि पोटऱ्या भरून येऊन पाय उचलेनासे होतात. हे आयन टिपकागदासारखे शोषून घेणारे जे एक द्रव्य स्नायूंत निसर्गतःच वसते, ते कार्नोसीन : बीटा-अ‍ॅलनीन व हिस्टिडीन या दोन अमिनो आम्लांच्या संयोगाने बनलेले, आणि १९०० साली रशियन रसायनज्ञ गुलेविच यांनी मांसाच्या अर्कातून शोधून काढलेले. त्यातील हिस्टिडीनचे वलय ६.८ सामूच्या सुमारास, म्हणजे नेमक्या गरजेच्या ठिकाणी, आयन पकडू लागते. हिस्टिडीनची शरीरात वाण नसते; तुटवडा पडतो तो बीटा-अ‍ॅलनीनचा. ते यकृत थोडेसे तयार करते व बाकीचे मांसाहारातून येते, यास्तव शाकाहारी माणसांच्या स्नायूंत कार्नोसीन कमी आढळते. (सावजी रश्श्यास आम्हां नागपूरकरांना हे एक नवे समर्थन मिळाले, तेलाच्या तवंगाचा हिशेब मात्र वेगळा द्यावा लागेल.)

संशोधक रॉजर हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले की, बीटा-अ‍ॅलनीन चार आठवडे रोज घेतल्यास स्नायूंतील कार्नोसीन ४० टक्क्यांहूनही अधिक वाढते. चार आठवडे, हे ध्यानी घ्यावे. दौडीच्या दिवशी सकाळी घेतलेल्या चमच्याने त्या शिलकेत काडीचा फरक पडत नाही. मुंग्या येतात त्या त्वचेतील मज्जातंतू चेतविले गेल्यामुळे. त्या बहुधा निरुपद्रवी असतात, पण स्नायूंशी त्यांचा सुतराम संबंध नाही.

आणि महिनाभर नेमाने घेऊन तरी पदरात काय पडते? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २०१८ च्या निवेदनात कामगिरीतील हा लाभ साधारणतः ०.२ ते ३ टक्के सांगितला आहे. ज्याचे पदक एका सेकंदाने हुकते, अशा धावपटूला तो मोलाचा वाटेल, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु जो मुलगा आज सहा मिनिटांत धावतो, त्याला पन्नास सेकंद कमी करावयाचे आहेत, आणि एक टक्का म्हणजे त्याच्या हिशेबी सुमारे साडेतीन सेकंद. त्याने घरच्यांकडे हात पसरून डबा विकत घ्यावा, हे मला पटत नाही. मध्ये विसावा घेत ४०० मीटरांच्या वेगवान फेऱ्या मारण्याच्या सरावाने स्नायूंची आम्ल सोसण्याची शक्ती वाढते, आणि ती फुकट वाढते. त्यासाठी हवे ते खाचखळगे नसलेले एक मैदान, आणि घड्याळ लावून उभा राहणारा जाणता शिक्षक. भरतीची जाहिरात काढणाऱ्या सरकारने ही तजवीज प्रभागोप्रभागी करावी, आणि तोवर निदान या डब्यांवर ठळक मराठीत छापावयास लावावे की, मुंग्या येणे हे शक्ती वाढल्याचे लक्षण नाही.