माळावरचीं मूळचीं झाडें

मृगाच्या सरी पडल्या कीं गांवोगांव झाडें लावण्याचा उत्साह येतो. खड्डे खणले जातात, रोपें येतात, विद्यार्थी रांगेनें उभे राहतात. या उत्साहाला आमचा विरोध नाहीं. परंतु ज्या जमिनींत तीं रोपें लावावयाचीं, तिच्यावर आधींच काय उभें आहे, हें कोणी पाहतो काय ? आमच्या मतें पाहत नाहीं, आणि त्यामुळेंच जें वांचलें आहे तेंही आपण घालवीत आहों.

आपला अहिल्यानगर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. अकोल्याचा घाटाकडील भाग सोडला, तर बहुतेक ठिकाणीं वर्षाला सुमारें ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही लहरी. कर्जत, श्रीगोंदा, पारनेर इकडचे माळ वैशाखांत पाहिले, तर कोणासही वाळवंट आठवावें. सरकारी दप्तरांत अशा जमिनीस पडीक म्हणतात. हा शब्द आम्हांस मान्य नाहीं.

या माळावर सौंदड आहे, म्हणजेच शमी. पांडवांनीं अज्ञातवासापूर्वीं आपलीं शस्त्रें जिच्यावर लपविलीं, तीच ही. दसऱ्यास आपण शमीचें नांव घेतों आणि आपट्याचीं पानें वाटतों. शमी ओळखून दाखवा म्हटलें, तर बहुतेक जण गप्प राहतील. तिचीं मुळें फार खोल जातात, म्हणून पाऊस चुकला तरी ती हिरवी राहते. मुळांवरील गांठींतल्या सूक्ष्म जंतूंमुळें हवेंतला नत्र जमिनींत येतो. राजस्थानांत हिलाच खेजडी म्हणतात. जोधपूरजवळ खेजडली गांवीं १७३० सालीं राजाचीं माणसें हीं झाडें तोडावयास आलीं, तेव्हां अमृतादेवी झाडास मिठी मारून उभी राहिली व मारली गेली. तिच्या मागोमाग बिश्नोई पंथाचीं माणसें पुढें आलीं, आणि एकंदर ३६३ जणांनीं प्राण दिले. आपल्याकडे तीच शमी बांधावरची अडचण म्हणून तोडली जाते !

हिंगणाचें झाड असेंच काटेरी. त्याच्या फळाचा गर पाण्यांत साबणासारखा फेंसाळतो. नेपतीला पानें जवळजवळ नसतातच, तिच्या हिरव्या फांद्याच पानांचें काम करतात. हिवराच्या शेंगा शेळ्यामेंढ्या आवडीनें खातात. तरवडाच्या सालीनें कातडें कमावीत, आणि त्याचीं पिवळीं फुलें नवरात्रांत घटाच्या माळेस लागतात. यांपैकीं एकालाही कोणी पाणी घातलेलें नाहीं.

यांच्या जागीं आलें काय ? वेडी बाभूळ, सुबाभूळ, गिरिपुष्प. तिन्ही मूळचीं अमेरिका खंडांतलीं. वेडी बाभूळ ही नात्यानें शमीची चुलतबहीण खरी, पण एकदां शिरली कीं दुसऱ्यास जागा देत नाहीं. गिरिपुष्प लवकर वाढतें आणि गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत, म्हणून तें लावणाऱ्यांस सोयीचें. वेड्या बाभळीनें गरिबाच्या चुलीस सरपण दिलें, हें नाकारणें अन्यायाचें होईल. तथापि सरपणाची सोय निराळी आणि माळाचें रान निराळें.

शिवाय माळाला सर्वत्र झाडी हवी, ही समजूतच चुकीची आहे. कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें १९८० सालीं काळविटांसाठीं अभयारण्य झालें. माळढोकासाठीं सोलापूर व आपल्या जिल्ह्यांत मिळून १९७९ सालीं झालें. या दोन्ही जीवांस उघडें गवताळ रान लागतें. तेथें दाट झाडी लावणें म्हणजे त्यांस घराबाहेर काढणें होय. उलट हिवरे बाजार गांवानें १९८९ नंतर काय केलें तें पाहावें. डोंगरउतारावर चर खणले, मोकाट चराई व कुऱ्हाड बंद केली, आणि गवत विळ्यानें कापून नेण्याची मोकळीक ठेवली. पुष्कळसें गवत व झुडपें मग आपोआप परतलीं.

तेव्हां रोपवाटिकेंत मिळेल तें लावण्याऐवजीं विद्यार्थ्यांनीं आपल्या शिवारांतील सौंदड, हिंगण, नेपती कोठें उभीं आहेत याची यादी करावी. नांवें ठाऊक नसतील, तर आजोबांस किंवा मेंढपाळास विचारावें ; त्यांस ठाऊक असतात. शमीच्या शेंगा उन्हाळ्यांत पिकतात, म्हणजे सुट्टींत बीं गोळा करतां येईल. आणि पालकांस विनंति एवढीच, कीं बांध साफ करतांना कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं त्या यादीकडे एकदां नजर टाकावी.