प्रवेशाचे पेढे, पदवीचा विसर

बारावीचा आणि 'नीट'चा निकाल लागला की लातूरच्या शिवाजी चौकापासून ट्यूशन एरियापर्यंतचे रस्ते फलकांनी झाकून जातात. नांदेडमध्येही चित्र वेगळे नसते. गुणवंतांची छायाचित्रे, टक्केवारी, अभिनंदनाचे मथळे आणि खाली शुभेच्छुकांची लांबलचक नामावली! वैद्यकीय प्रवेशाचे पेढे वाटले जातात, मंगल कार्यालयांतून गुणगौरव सोहळे पार पडतात. हे यश कष्टाचे आहे आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु या शेकडो फलकांत एक चेहरा कधीच दिसत नाही. ज्याच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशा मुखेड, जळकोट वा किनवटकडच्या मुलाने बी.ए.ची सहाही सत्रे पूर्ण करून पदवी मिळवली, म्हणून त्याचा फलक मराठवाड्यातील कोणत्या चौकात लागला? आणि ज्याची पदवी अर्ध्यावर सुटली, तो कोठे गेला याची चौकशी कोणी केली?

शासनाचा हिशेबही याच वळणाचा. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये नोंदणीचे प्रमाण देशात २८.४ टक्के, तर महाराष्ट्रात ३५.३ टक्के होते. महाराष्ट्र पुढे असल्याचे समाधान यातून जरूर मिळते. पण हा आकडा दारातून आत आलेल्यांचा आहे. जत्रेला माणसे किती जमली हे अभिमानाने सांगायचे आणि घरी सुखरूप किती पोचली हे विचारायचेच नाही, असा हा प्रकार झाला!

गळती नेमकी होते कोठे?

मुखेड तालुक्यातील एखाद्या तांड्यावरची मुलगी डोळ्यांपुढे आणावी. बारावीपर्यंत तिला एस.टी.चा मोफत पास असतो. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना तिला शाळेत आणते. बारावी संपताच ती सोय संपते आणि पासाचे पैसे दर महिन्याला घरी मागावे लागतात. जुलैत प्रवेश होतो. पाठोपाठ शिष्यवृत्तीचा अर्ज येतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, यांपैकी एक कागद जरी अडला तरी अर्ज अडतो; आणि तो कागद कोणत्या कचेरीत, कोणत्या खिडकीवर मिळतो हे सांगणारे घरात कोणी नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आई-वडील ऊसतोडीला निघतात. धाकट्या भावंडांना सांभाळायचे कोणी? त्याच दिवसांत हिवाळी परीक्षा तोंडावर येते. एक पेपर बुडतो, दुसऱ्यात गुण कमी पडतात. 'एटीकेटी' या शब्दाचा अर्थ 'पुढे जाता येते' असा आहे, हे तिला ठाऊक नसते. ती 'नापास झाले' असे घरी सांगते आणि घरी त्याचा अर्थ एकच लावला जातो: आता स्थळ पाहायला हरकत नाही.

या साऱ्या कथेत खलनायक कोणीच नाही. आई-वडिलांना मुलगी शिकायला नको होती असे नाही. प्राध्यापक दुष्ट नव्हते. शासनाची योजनाही होती. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील पात्र मुलींचे शुल्क शासनाने माफ केले, हे स्वागतार्हच आहे. पण या तांड्यावरच्या मुलीची पदवी निव्वळ शुल्कापायी सुटलेली नाही. 'घाबरू नकोस, पुढच्या सत्रात हा विषय निघेल' एवढे एक वाक्य योग्य दिवशी सांगणारे माणूस तिला मिळाले नाही, म्हणून ती सुटली. शहरी मध्यमवर्गीय घरात हे वाक्य काका, मावशी, शेजारी, कोणीही सहज बोलून जाते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याच्या घरी ते भांडवलच नसते.

यावर एक ठरलेले उत्तर असते. 'ज्याला शिकायचे तो कसाही शिकतोच. रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करून माणसे मोठी झाली.' हे वाक्य ऐकायला बाणेदार वाटते, पण त्यात जबाबदारी झटकण्याची सोय अधिक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपेक्षा अधिक जिद्दीचा विद्यार्थी या देशाने पाहिला नसेल. त्यांनाही कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी भेटावे लागले. गुरुजींनी त्यांना वाचायला पुस्तके दिली आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत नेऊन दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीची वाट मोकळी करून दिली. गुरुजी धनिक नव्हते. कोणते दार ठोठवायचे हे त्यांना माहीत होते, आणि त्या दारापर्यंत ते विद्यार्थ्यासोबत गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा बाबासाहेबांनाही लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते. लंडन विद्यापीठाने ४ वर्षांची मुभा दिली; राजर्षी शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना पाठीशी उभे राहिले; १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. एवढ्या प्रज्ञावंताला जर सोबत लागली, तर जळकोटच्या सामान्य बुद्धीच्या, प्रामाणिक मुलाकडून एकट्याने गड चढण्याची अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची?

मराठवाड्याला याची आठवण हवी

खरे तर मराठवाडा हा प्रदेशच पहिल्या पिढीचा विद्यार्थी आहे. निजामी राजवटीत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यम उर्दू. मराठी मुलाला आपल्या भाषेत उच्च शिक्षण नव्हते. १९३८ च्या अखेरीस 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल औरंगाबाद आणि हैदराबाद येथील शेकडो विद्यार्थ्यांना महाविद्यालयांतून काढण्यात आले. या सत्याग्रहाची आठवण भाषणांतून अभिमानाने काढली जाते. त्याचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. नागपूर विद्यापीठाने या विद्यार्थ्यांसाठी आपली दारे उघडली आणि त्यांचे शिक्षण तुटू दिले नाही. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. घोषणा देणाऱ्यांचे शौर्य थोर होतेच. पण नागपूरने हात दिला नसता, तर त्या शौर्याची किंमत शेकडो अर्धवट आयुष्यांनी मोजली असती.

स्वामी रामानंद तीर्थांनी हे जाणले होते. मुक्तिलढ्याचे नेतृत्व करण्यापूर्वी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले होते. मुक्तीनंतर अवघ्या २ वर्षांत, १९५० मध्ये, नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, ते त्यांच्याच प्रेरणेने. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य; खेड्यातला मुलगा शहरातल्या मुलाच्या तोडीस तोड ठरू शकतो, हे त्या महाविद्यालयाने सिद्ध केले. बारावीच्या मुलासाठी जास्तीचे तास, पुन:पुन्हा चाचण्या, एकेका विद्यार्थ्याकडे लक्ष, हे सारे 'लातूर पॅटर्न'ने करून दाखवले. मग प्रश्न असा उरतो, की तीच आस्था बी.ए.च्या पहिल्या वर्षात मागे पडलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला का येऊ नये? त्याच्या यशाने जाहिरात होत नाही, म्हणून?

महाविद्यालयांत विद्यार्थ्यामागे 'मेंटॉर' नेमलेला असतो. 'नॅक'ची समिती यायची असली की त्याच्या वह्या भरल्या जातात, सह्या होतात. ज्या अध्यापकाच्या नावावर ही जबाबदारी असते, तो अनेकदा तासिका तत्त्वावर राबणारा असतो. पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हेच त्याला ठाऊक नसते. ज्याचे स्वतःचे पाऊल स्थिर नाही, त्याने दुसऱ्याला ३ वर्षे आधार कसा द्यायचा? कायम पदे रिक्त ठेवायची आणि मार्गदर्शनाचे रकाने भरून घ्यायचे, ही विद्यार्थ्याची आणि अध्यापकाचीही फसवणूक आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाचे स्वागत राष्ट्रीय विचारांच्या सर्वांनी केले आहे. म्हणूनच त्याच्या एका तरतुदीचा गैरवापर होऊ नये याची काळजीही त्यांनीच घेतली पाहिजे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. मिळवलेले श्रेयांक ७ वर्षांपर्यंत जमा राहतात. लंडन विद्यापीठाने बाबासाहेबांना दिलेल्या मुभेसारखी ही मुभा आहे, ती परत येण्यासाठी. पण बाहेर पडलेल्या मुलाला परत बोलावणारे कोणी नसेल, तर गळतीलाच प्रमाणपत्राची चौकट चढेल. राज्यसेवेपासून तलाठी भरतीपर्यंत अट पदवीची आहे. तेथे अर्धवट पदवी म्हणजे बारावीच!

आता घरचा आरसा

शासनाला आणि संस्थांना प्रश्न विचारणे सोपे असते. स्वतःला सज्जनशक्ती म्हणवणाऱ्या समाजाने स्वतःलाही विचारावे. गावोगावी वह्यावाटप होते, गुणगौरव होतो. ज्यांच्या गळ्यात ३ वर्षांपूर्वी हार घातला, त्यांपैकी कितीजण आज पदवीधर झाले, याची नोंदवही कोणत्या आयोजकाकडे आहे? एका सायंकाळचा सत्कार ही सेवा नव्हे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूरजवळ हरंगुळला निवासी विद्यालय उभे राहिले, ते ब्लँकेटे वाटून परतण्यापुरते काम कोणी मानले नाही म्हणून. पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. ग्रामीण मुलांना निवारा, काम आणि शिस्त दिली. ही कामे वर्षानुवर्षे टिकली, कारण तेथे मदतीची मुदत देणाऱ्याच्या उत्साहाने ठरली नाही, शिकणाऱ्याच्या गरजेने ठरली.

असे वसतिगृह प्रत्येकाला उभारता येणार नाही. पण नांदेड-लातूरमधील प्रत्येक पदवीधर कुटुंबाला एका विद्यार्थ्याचे पालकत्व निश्चित घेता येईल. अर्जाची आणि परीक्षेची तारीख त्याच्या आधी आपल्या दिनदर्शिकेवर लिहायची. राहिलेल्या विषयासाठी कोण शिकवील ते शोधायचे. ऊसतोडीच्या महिन्यांत परीक्षेपुरती एक खोली, एक ताट द्यायचे. मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली तर तिच्या वडिलांच्या ओसरीवर जाऊन बसायचे आणि 'पदवीपर्यंत थांबा' असे हात जोडून सांगायचे. यात मोठा पैसा लागत नाही. ३ वर्षे चिकाटी लागते, आणि तीच अधिक दुर्मीळ आहे. समरसतेवर वर्षभर व्याख्याने झाली तरी एका विद्यार्थ्याची पदवी पूर्ण होत नाही; एका घराने एक तांडा जोडला, तर व्याख्यानाची गरजच उरत नाही.

पुढच्या जूनमध्ये फलक पुन्हा लागतील, पेढेही वाटले जातील. ते खुशाल वाटावेत. मात्र दीक्षान्त समारंभाच्या दिवशी नांदेडच्या विद्यापीठाच्या मंडपात घोंगडी पांघरलेला एक बाप किंवा फेटिया-कांचळीतली एक आई मागच्या रांगेत उभी असेल. तिच्या शेजारी उभे राहण्याचा अधिकार ज्याने ३ वर्षांत कमावला असेल, खरा कार्यकर्ता त्यालाच म्हणावे.