रिकामी खोली व तिची जाहिरात

जुन्नर तालुक्यांतील आमच्या बाजूस आज असें घर क्वचितच सांपडेल, कीं ज्यांत एखादी खोली रिकामी नाहीं. मुलें पुण्यामुंबईस नोकरीस गेलीं आणि ओसरीवरची चांगली खोली फवारणीचे पंप व मोडक्या खाटा सांभाळीत बसली आहे. सन २०१८ मध्यें सरकारनें आमचा तालुका पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. शिवनेरी, लेण्याद्रि, ओझर, नाणेघाट पाहण्यास येणारा मनुष्य मुक्कामाची जागा शोधतो ती हातांतील फोनवर. तेव्हां खोली भाड्यानें द्यावी कीं न द्यावी हा वाद आतां जुना झाला. प्रश्न आहे तो तिची जाहिरात कशी लिहावी हा. आणि या बाबतींत आमचे तरुण जो मार्ग धरूं लागले आहेत तो प्रस्तुत लेखकास नुकसानीचा वाटतो.

माझ्या पुतण्यानें आमच्या खोलीची जाहिरात इंग्रजींत घातली. तिचा मराठी अर्थ, नदीकांठचें रम्य व निवांत निवासस्थान. छायाचित्र श्रावणांतलें होतें. पाहुणे आले वैशाखांत. ज्यास तो नदी म्हणाला तो ओढा कोरडा ठणठणीत, दुपारभर वीज नाहीं, मोटार शेवटच्या चढावर अडकलेली, आणि बरोबरच्या वृद्ध आजीबाईंस शौचकूप अंगणापलीकडे आहे हें रात्रीं कळलें. मंडळी दोन रात्रींचे पैसे भरून आलेली. एका रात्रींत गेली. पैसे परत करावे लागलेच, शिवाय त्यांनीं चार ओळींचा अभिप्राय लिहिला. हा अभिप्राय फेरफाराच्या नोंदीसारखा आहे. मालकानें नुसती इच्छा केली म्हणून तो खोडला जात नाहीं.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां मीं पंचनामे पुष्कळ लिहिले. पंचनाम्यांत सुंदर, रम्य हे शब्द येत नाहींत. तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें जागा उभी राहते. त्याच रीतीनें मीं पुतण्यास जवळ बसवून मजकूर नव्यानें लिहविला. खोली बारा फूट रुंद, चौदा फूट लांब. दोन खाटा, एक पंखा. पूर्वेच्या खिडकींतून द्राक्षाचा मांडव दिसतो. वीज दुपारीं जाते. शेवटचा अर्धा मैल रस्ता कच्चा. जेवणास बाजरीची भाकरी व पिठलें. मासवडी हवी असल्यास आदले दिवशीं सांगावें. एवढें वाचून मलाच तेथें राहण्यास जावेंसें वाटलें!

छायाचित्रांविषयीं मात्र पुतण्याचें म्हणणें खरें होतें. ज्या एअरबीएनबी कंपनीनें हा व्यवहार जगभर नेला तिच्या संस्थापकांनीं सन २००७ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें आपल्या बिऱ्हाडांत हवेच्या गाद्या घालून तीन पाहुणे ठेवले, तेथून आरंभ झाला. पुढें सन २००९ मध्यें धंदा चालेना, तेव्हां न्यूयॉर्कला जाऊन त्यांनीं घरोघर स्वतः चांगलीं छायाचित्रें काढलीं व मिळकत वाढली. म्हणून खाटेवर धुतलेली चादर घालून, खिडक्या उघडून, सकाळच्या उजेडांत कोपऱ्यांतून चित्र घ्यावें. न्हाणीघराचें व रस्त्याचेंही घ्यावें, आणि खालीं महिना लिहावा.

खरा वाद झाला तो बिबट्यावरून. (आमच्याकडे त्यास वाघच म्हणतात.) मळ्याशेजारीं ऊस आहे आणि उसांत त्याचा वावर आहे, हें तालुक्यांतील प्रत्येक शेतकरी जाणतो. पुतण्या म्हणाला, "काका, हें लिहिलें तर कुत्रेंही फिरकणार नाहीं." मीं म्हटलें, शहरांतलें पोर तिन्हीसांजेस बांधावर खेळायला गेलें तर जबाबदार कोण? शेवटीं लिहिलें तें असें: परिसरांत बिबट्या आहे, दिवस मावळल्यावर मुलांस अंगणाबाहेर सोडूं नये, रात्रीं बाहेर जाणें झाल्यास घरचा मनुष्य विजेरी घेऊन सोबत येईल. हें वाक्य कागदावर उतरलें तेव्हां अंगणापलीकडील शौचकुपाचा अर्थ आमचा आम्हांसच उमगला. आजीबाईंस आम्हीं तेथें एकट्या पाठविलें होतें. जाहिरात तशीच थांबवून उसाच्या बिलांतून प्रथम खोलीस लागून शौचकूप बांधलें.

नोंदणीचें काम अवघड नाहीं. सन २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे अर्ज करावा. जमिनीचा सातबारा हवा. परदेशी पाहुणा उतरल्यास २४ तासांच्या आंत ऑनलाइन खबर देणें कायद्यानें बंधनकारक आहे, तेथें आळस करूं नये.

आतां चौकशा कमी येतात हें कबूल केलें पाहिजे. परंतु जे येतात ते सर्व वाचून येतात व विजेबद्दल भांडत नाहींत. राहिली एक गोष्ट. पहिल्या जाहिरातींत 'घरगुती जेवण, केव्हांही' असें छापलें होतें, आणि तें रांधणाऱ्या माझ्या भावजयीस कोणी विचारलें नव्हतें. तिनें आतां 'केव्हांही' काढावयास लावून 'रात्रीं आठपर्यंत' घालविलें आहे, आणि जेवणाचे पैसे तिच्या खात्यावर जमा होतात. वैशाखाचें कोरड्या ओढ्याचें छायाचित्र काढून टाकावें असें पुतण्यास अजून वाटतें. तें तसेंच ठेवून श्रावणाचें त्याच्या शेजारीं लावावयाचें, असें तूर्त ठरलें आहे.