लीन आणि ‘मुळाशी इमान’

डेव्हिड लीनचा विषय निघाला, की साहित्याचे अध्यापक एकच फूटपट्टी काढतात : मूळ कादंबरीशी इमान. ही फूटपट्टीच खोटी आहे. लीन घडला संकलनाच्या टेबलावर. कापणे आणि जोडणे हीच त्याची वाचनपद्धती. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधून (१९४६) त्याने ऑर्लिक हे पात्रच गाळले, तरी दफनभूमीतला पिपचा थरकाप कुठे उणावला?

‘अ पॅसेज टू इंडिया’त (१९८४) अ‍ॅडेला सायकलवरून भग्न मंदिरातील शृंगारशिल्पांपाशी पोचते. हा प्रसंग फॉर्स्टरच्या कादंबरीत (१९२४) नाही. पण तिच्या मनातली भीती तोच उघडी करतो.

मग लीन निर्दोष? मुळीच नाही. अ‍ॅलेक गिनेसला रंग फासून त्याने प्राध्यापक गोडबोले उभा केला; या मराठी आडनावाच्या वाट्याला निव्वळ सोंग आले. त्याहून गंभीर अपराध शेवटाचा. साम्राज्य असेतो अझीझ आणि फील्डिंग यांची मैत्री अशक्य, हा फॉर्स्टरचा नकार लीनने गाळला आणि हळवा निरोप दिला.

तेव्हा वर्गात ‘काय बदलले?’ एवढ्यावर थांबू नका. ‘बदलून काय टाळले?’ हे विचारा. लीनवरचा खरा खटला तिथे सुरू होतो.