विश्लेषण : ट्रेनर बदलला की घोडाही बदलतो का?

मुंबईचे महालक्ष्मी असो वा पुण्याचे रेसकोर्स, रेसकार्ड चाळणाऱ्यांची नजर एका ठिकाणी हमखास अडते. घोडा तोच, पण ट्रेनरचे नाव नवे. ‘तबेला बदललाय, आज येणार’ अशी कुजबुज सुरू होते. तिच्यावर विसंबून पैसे लावणे कितपत शहाणपणाचे? २०२२ची अमेरिकेतील केंटकी डर्बी याचे चांगले उदाहरण आहे.

त्या डर्बीत काय घडले?

२०२१च्या डर्बीत पहिल्या आलेल्या मेडिना स्पिरिटच्या शरीरात शर्यतीच्या दिवशी निषिद्ध असलेले औषध सापडले. त्यामुळे नामांकित ट्रेनर बॉब बॅफर्ट यांच्यावर ९० दिवसांची बंदी आली. त्यांचे टायबा आणि मेसियर हे घोडे एकेकाळचे त्यांचे सहायक टिम याकटीन यांच्याकडे गेले. एप्रिल २०२२मध्ये सांता अनिता डर्बीत टायबा पहिला आणि मेसियर दुसरा आला. नवा ट्रेनर लाभला, असे वाटले. पण ७ मे रोजी केंटकी डर्बीत टायबा बारावा आणि मेसियर पंधरावा आला. जिंकला रिच स्ट्राइक, भाव तब्बल ८०ला १. दोन डॉलर लावणाऱ्याला १६३.६० डॉलर मिळाले.

रिच स्ट्राइकनेही ट्रेनर बदलला होता?

हो. सप्टेंबर २०२१मध्ये तो ३० हजार डॉलरला विकला गेला आणि एरिक रीड यांच्या तबेल्यात आला. पण त्यानंतरच्या पाच शर्यतींत तो एकदाही जिंकला नाही. म्हणजे ‘नवा ट्रेनर’ पाहून दरवेळी पैसे लावणारा पाच वेळा हरला असता. डर्बीतही सुरुवातीचा वेग प्रचंड असल्याने पुढचे घोडे दमले आणि मागून येणाऱ्या रिच स्ट्राइकला संधी मिळाली. टायबाची तर ती आयुष्यातली तिसरीच शर्यत होती आणि मैदानात २० घोडे होते.

ट्रेनर नेमके काय बदलतो?

सराव किती आणि कधी, खुराक, नाल, जॉकी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणत्या अंतराची शर्यत निवडायची. यातून फरक पडतो, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. घोड्याला नव्या तबेल्यात रुळायलाही वेळ लागतो. रातोरात झालेल्या सुधारणेकडे मात्र संशयानेही पाहावे लागते. घोड्यांना उत्तेजके दिल्याप्रकरणी अमेरिकी ट्रेनर जॉर्ज नवारो यांना डिसेंबर २०२१मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली.

मग सुधारणा इतकी ठळक का वाटते?

मालक बहुधा घोडा सलग हरल्यावरच ट्रेनर बदलतो. ताप सर्वाधिक असताना डॉक्टर बदलला आणि दोन दिवसांनी ताप आपसूक उतरला, तरी श्रेय नव्या डॉक्टरला मिळते. इथेही तसेच होते. वाईट फॉर्मनंतर घोडा पुन्हा आपल्या नेहमीच्या पातळीवर येतो, ते ट्रेनर न बदलताही घडले असते. शिवाय बदलानंतरही हरलेले घोडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

पैज लावणाऱ्याच्या हाती काय?

रेसकार्डवरील बदल सगळ्यांनाच दिसतो, त्यामुळे तो भावात आधीच मिसळलेला असतो. टोटमध्ये क्लबचा वाटा आधी कापला जातो आणि उरलेले पैसे विजेत्यांत वाटले जातात. त्यात २२ सप्टेंबर २०२५पासून पैजेवरील जीएसटी २८वरून ४० टक्के झाला. तो जिंकलेल्या रकमेवर नाही, तर लावलेल्या रकमेवर लागतो. एवढी कपात भरून काढण्याइतकी ताकद एका नावात नसते.

घोडदौड हा कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये म्हटले. मग ते कौशल्य वापरायला हवे. ट्रेनर बदलल्यावर घोडा किती वेळा धावला, अंतर बदलले का, समोरचे घोडे किती तगडे आहेत, हे तपासावे. उत्तर मिळत नसेल तर ती शर्यत फक्त पाहावी. खिशातले पैसे तरी शाबूत राहतील.