जुनें नाणें, नवें फूल

फ्रान्सांत पूर्वीं ‘दूझँ’ नांवाचें एक नाणें चालत असे. तांब्यांत थोडी चांदी मिसळून पाडलेलें, पातळ, हलकें. त्याचें मोल बारा दनिये. परंतु हा आंकडा नाण्यावर कोठेंहि कोरलेला नसे, तो राजाज्ञेनें ठरे. बारा दनियांचा एक सू व वीस सूंचा एक लिव्र. बारा पैंचा आणा ज्यांनीं पाठ केला आहे, त्या आमच्या वाचकांस हें कोष्टक परकें वाटूं नये.

इ. स. १६४० सालीं तेरावा लुई गादीवर असतां फर्मान निघालें कीं, जुन्या दूझँवर लहानशा लांबट वर्तुळांत लिलीच्या फुलाचा ठसा मारावा, आणि असें नाणें पंधरा दनियांस चालावें. १६३५ पासून स्पेनशीं युद्ध जुंपलेलें होतें. नाणीं आटविलीं नाहींत, चांदी गुंजभरहि वाढली नाहीं. वाढलें तें फूल. म्हणून आज संग्रहांतील अशा नाण्यांवर दुसरा हेन्री, तिसरा हेन्री अशा कधींच दिवंगत झालेल्या राजांचीं नांवें दिसतात, आणि त्यांच्याच अंगावर हें मागाहून उमटविलेलें फूल!

आतां हें कोणाच्या पथ्यावर पडलें? दहा लिव्रांचें देणें फेडण्यास पूर्वीं दोनशें दूझँ मोजावे लागत. ठसा पडल्यावर एकशें साठ पुरत. ऋणको सुखावला, धनकोच्या पदरीं चाळीस नाण्यांची चांदी कमी पडली. व्यापारी निदान भाव चढवूं शकतो. चांदी ओळखणारा मनुष्य फुलास भुलत नाहीं. परंतु ज्या वृद्धेचें वर्षासन लिव्रांत बांधून दिलेलें, तिनें काय चढवावें? आम्ही स्वतः निवृत्तिवेतनावर जगणारे; आमचें लक्ष साहजिकच तिच्याकडे जातें.

आपल्याकडे कंपनीच्या अमलांत बंगालमध्यें याच्या उलट प्रकार होता. शिक्का रुपया जुना झाला कीं सराफ त्यावर बट्टा कापीत. तेथें वयानें मोल घटे, येथें ठशानें वाढे. दोहींकडे चांदी मात्र जवळजवळ होती तेवढीच.

शिवाय, बारा दनियांचे पंधरा करण्यास हातभर लांबीचेंहि यंत्र नको, एक लहानसा खिळा पुरे. खोटेपणास याहून सोपें आमंत्रण तें कोणतें?

१७९५ सालीं फ्रँक आला आणि लिव्र, सू, दनिये हें कोष्टकच मोडलें. नाणीं मात्र संग्राहकांच्या पेटींत राहिलीं, आणि तेथें फूल किती स्पष्ट उमटलें आहे यावर त्यांची किंमत बरीचशी ठरते.