'टाकणारी' मुले?

'आईबापांना वृद्धाश्रमात टाकणारी मुले' हे गेल्या रविवारचे पत्र वाचले. 'टाकणारी' हा शब्द फारच सहज वापरलाय. माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. रात्री दोनला दार उघडून ती माहेरी निघायची. तीन वर्षे आम्ही आळीपाळीने जागलो, मग तिला वृद्धाश्रमात ठेवले. आता आठवड्यातून एकदा जातो, वार-वेळ बदलून, न सांगता. पाठीवरचे व्रण, वजन, गोळ्यांची वही पाहतो. (हे शिकायला वर्ष गेले.) तक्रार केली तर राग आईवर निघेल, या भीतीने बरेच नातेवाईक गप्प बसतात. त्यांच्यासाठी 14567 ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे. शिवाय ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. ती कितपत अमलात आली, यावरून पत्रलेखकांनी सरकारलाही दोन शब्द सुनावावेत.

– एक वाचक, पुणे